कोंबडी खाल्ली की पावर भरते?

दिवाळीत बेज्जूरला बहिणीकडे गेलो, तर भाचा तापानं फणफणलेला. पण हातातला मोबाईल काही सुटेना. मी जवळ बसलो तसा म्हणाला, "मामा, डॉक्टरला सांग ना, एक सलाईन लावून दे म्हणा. लगेच पावर भरते."

मी हसलो खरा, पण 'पावर भरते' हे शब्द ओळखीचे होते. शाळेत असताना सुट्टीत चंद्रपूरला मावशीकडे जायचो. तिथल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एक रुपयाचं नाणं टाकून आम्ही 'मुस्तफा' खेळायचो. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. तो जपानच्या कॅपकॉमनं १९९३ मध्ये आणला होता. चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडच्या पोरांनी ते अख्ख्या गेमलाच देऊन टाकलं. पिंप फोडलं की आतून खाणं निघायचं. दोघं खेळत असलो की ते कुणी उचलायचं यावरून पडद्यापेक्षा बाहेरच जास्त मारामारी व्हायची. "तुझी पावर आहे अजून, मला घेऊ दे" हे वाक्य मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा तिथंच ऐकलं असेल.

या 'पावर'बद्दल बरेच गैरसमज आहेत. काही गेममधले आहेत, आणि काही गेममधून बाहेर पडून थेट दवाखान्यापर्यंत पोचलेले.

गैरसमज : जुन्या मारधाडीच्या प्रत्येक गेममध्ये पावर भरायची वस्तू असतेच.

नसते. टीव्हीला जोडायच्या संचावर कॅसेट घालून आपण जी 'कॉन्ट्रा' खेळायचो, तिच्यात पावरची पट्टीच नाही. एक गोळी लागली की एक जीव गेला. त्यात उचलायला मिळतात त्या बंदुका, औषध नव्हे. म्हणूनच तिथं तीस जीव देणारा बटणांचा तो प्रसिद्ध क्रम हवासा वाटायचा. तो क्रम मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रॅडियस' या दुसऱ्याच गेमसाठी १९८६ मध्ये घातला होता.

मारिओचं मशरूमही औषध नाही. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ते खाल्लं की मारिओ मोठा होतो, आणि पुढचा एक धक्का मरण्याऐवजी लहान होण्यावर निभावतो. भरायला तिथं पट्टीच नाही. 'गोल्डन ॲक्स'मध्ये (१९८९) पिशवी घेऊन पळणाऱ्या बुटक्या चोरांना लाथा घालून आपण निळ्या सुरया गोळा करायचो. त्या जादूच्या असतात. पावर भरते ती हिरव्या चोराकडून पडणाऱ्या मांसानं. वर्षानुवर्षं सुरई पिऊन 'आता बरं वाटतंय' म्हणणारे मित्र मला माहीत आहेत.

गैरसमज : लाल बाटली चांगली, म्हणजे कुठलीही बाटली चांगली.

जॉर्डन मेकनरच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'नं (१९८९) ही खोड अनेकांची मोडली. कॉम्प्युटरच्या डॉस आवृत्तीत लाल बुडबुड्यांची लहान बाटली एक पावर परत देते, मोठी बाटली एकूण पावरच वाढवते, आणि निळ्या बुडबुड्यांची बाटली असलेली पावर कमी करते. शिवाय हिरवी असते. एका मजल्यावर ती पिऊन राजपुत्र पिसासारखा अलगद खाली उतरतो, आणि दुसऱ्या एका मजल्यावर तीच प्यायल्यावर अख्खा पडदा उलटा होतो. तासाभरात राजकन्येला सोडवायचं, आणि मान वाकडी करून खेळायचं! लेबल न वाचता बाटली तोंडाला लावू नये, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या गेमनं चांगलं शिकवलं.

गैरसमज : पिंपात भाजलेलं मांस ठेवणं हा बनवणाऱ्यांचा निव्वळ वेडेपणा.

खरं तर तिथं गल्ल्याचा हिशेब होता. दुकानातलं यंत्र नाण्यावर चालायचं. खेळणारा फार लवकर मेला तर रागावून निघून जाणार, आणि मेलाच नाही तर गल्ला रिकामा. खाणं कुठं ठेवायचं, किती ठेवायचं, हा या दोन्हींच्या मधला तोल. हा व्यवहार सर्वांत उघडपणे 'गाँटलेट'मध्ये दिसतो. अटारीच्या या १९८५ च्या गेममध्ये कुणी मारलं नाही तरी पावर सतत गळत राहते. खाण्याचं ताट सापडलं की शंभर वाढते, आणि काहीच सापडलं नाही तर नाणं टाकून पावर सरळ विकत घ्यायची. त्यात चुकून आपलीच गोळी लागली की ताट फुकट जायचं.

आणि मांसच का? एवढ्याशा पडद्यावर, मोजक्या रंगांत, पळता पळता ओळखू येईल अशी वस्तू हवी. भाजलेली तंगडी कुणालाही कळते. 'कॅसलव्हेनिया'त तर ती किल्ल्याच्या भिंतीत चिणलेली सापडते, आणि शतकानुशतकं बंद असूनही कुणाला जुलाब होत नाहीत. 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी'त (१९९२) उपाशी सैनिक कुत्र्याचं खाणंही खातो. त्याचे ४, जेवणाच्या ताटाचे १०, प्रथमोपचाराच्या पेटीचे २५ असा दरच ठरलेला.

गैरसमज : पेटीवरचा लाल क्रॉस म्हणजे डॉक्टरची खूण.

हा गेममधून आलेला नाही, पण गेमनं पक्का केला. १९९३ च्या 'डूम'मधल्या पांढऱ्या पेटीवर लाल क्रॉस होता आणि तेव्हापासून ती खूण म्हणजे 'इथं पावर मिळते'. प्रत्यक्षात लाल क्रॉस हे १८६४ च्या जिनिव्हा करारातून आलेलं, युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचं चिन्ह आहे. त्यावर गोळी झाडू नये, एवढाच त्याचा अर्थ. भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. खाजगी दवाखान्याच्या पाटीवर नाही, डॉक्टरच्या गाडीवरही नाही. २०१७ मध्ये 'प्रिझन आर्किटेक्ट' या गेमच्या ब्रिटिश निर्मात्यांना तिथल्या रेड क्रॉसकडून याबद्दल सूचना आली आणि त्यांनी मुंगीएवढा तो क्रॉस हिरवा करून टाकला. पुढच्या वेळी गावातल्या औषधाच्या दुकानांवर किती लाल क्रॉस आहेत ते मोजून पाहा.

आपोआप भरणारी पावर 'हेलो' गेमनं (२००१) शोधली असंही छातीठोक सांगितलं जातं. तेही खरं नाही. जपानच्या 'हायड्लाइड'मध्ये १९८४ मध्येच नुसतं उभं राहिलं की पावर भरायची. शिवाय पहिल्या 'हेलो'त आपोआप भरायचं ते चिलखताचं कवच. खालच्या जिवासाठी पेट्या उचलाव्याच लागायच्या.

आता पट्टीकडेच येऊ. ती शरीर पाहून बनवलेली नाही. अंकांत मोजायची पावर संगणकाच्या गेममध्ये आली ती मुख्यतः 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ च्या, कागद-फाशांच्या खेळातून. त्याचे एक जनक डेव्ह अर्नेसन यांनी नंतर सांगितलं, की ही कल्पना त्यांनी आधी अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांच्या खेळासाठी वापरली होती. किती तोफगोळे बसल्यावर जहाज बुडेल, याची ती मोजणी. तीच पुढे माणसांना लावली. जहाजाला पडलेलं भोक पत्रा ठोकून बुजवता येतं. माणसाचं शरीर तसं नाही, आणि गडबड इथूनच सुरू होते.

गैरसमज : दुखणं थांबलं, म्हणजे पावर भरली.

२००१ चा 'मॅक्स पेन' आठवा. फिनलंडच्या ज्या कंपनीनं तो बनवला, तिचं नावच रेमेडी, म्हणजे इलाज. नायकाला गोळ्या लागतात आणि तो वेदनाशामक गोळ्या गिळून भरून निघतो. वेदनाशामक औषध हे करत नाही. ते दुखण्याची जाणीव आणि सूज कमी करतं. जखम, जंतू, ताप आणणारा आजार जिथल्या तिथं राहतो. डेंग्यूच्या तापात तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. गेममधली निळ्या बुडबुड्यांची बाटली ती हीच.

एकाची पावर दुसऱ्याचं विष कसं होतं, हे पाहायला बेज्जूरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. इथल्या जंगलात पालरापूच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आढळली आहेत. २०१३ मध्ये ती लोकांच्या नजरेत आली. ही गिधाडं देशभरात नव्वद टक्क्यांहून जास्त का संपली, याचं उत्तर २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून मिळालं : डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या बैलाला सुई टोचली, त्याला बरं वाटलं, पण नंतर तो मेला आणि त्याचं मांस गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये एका वेळच्या ३ मिलीलीटरहून मोठ्या बाटलीवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध तेव्हाही होतं आणि आताही आहे. गुरांच्या डॉक्टरला नाव घेऊन विचारता येतं.

भाच्याच्या सलाईनचं काय? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लीटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी. एक ज्वारीची भाकरी त्याहून जास्त देते. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर कॅलरी शून्य. उलट्या थांबत नसतील, पोटात काही ठरत नसेल, रक्तदाब खाली गेला असेल, तेव्हा सलाईन जीव वाचवते. पाणी पिऊ शकणाऱ्या पोराच्या शिरेत ती घालून मिळतो फक्त सुईचा आणि खर्चाचा धोका. "पण लावल्यावर तरतरी येते ना!" बहीण म्हणाली. येते, कारण तासभर पडून विश्रांती झालेली असते आणि अंगातलं कमी झालेलं पाणी भरून निघतं. ते पाणी तोंडानंही जातं.

गेममधल्या बाटलीच्या जवळ जाणारी खरी वस्तू एकच मला माहीत आहे, आणि तिचा इतिहास बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीतला. १९७१ मध्ये बनगावला कॉलरा पसरला, सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. सुमारे तीस टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच आज ओआरएसच्या पुडीत मिळतं.

भाच्याला दुसऱ्या दिवशी हगवण लागली तेव्हा गावातल्या आशा सेविकेनं तीच पुडी दिली. बहीण अर्धी पुडी पेल्यात टाकायला निघाली होती. तसं करायचं नाही. अख्खी पुडी एक लीटर पाण्यात, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. भाच्यानं तांब्या तोंडाला लावून गेममधल्यासारखं एका दमात संपवायचा प्रयत्न केला आणि सगळं ओकून टाकलं. मग चमचा आणला. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, असं दुपारभर चाललं, आणि मोबाईलवर त्याचा गडी तोवर तीनदा मेला.