लवादाच्या पीठावरील एक प्राध्यापक : लुई रेनो

१९१० सालच्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मार्सेय बंदरात मोरिया बोटीतून बॅ. विनायकराव सावरकर यांनी समुद्रात उडी टाकली, ही कथा महाराष्ट्रातील कोणत्याही सुशिक्षित घरातील मुलास ठाऊक असते. परंतु त्या उडीतून जो दावा उत्पन्न झाला तो कोणी ऐकला, कोणत्या रीतीने ऐकला व काय निर्णय दिला, हे विचारले असता पुष्कळदा वडील मंडळीही निरुत्तर होतात. दावा हेगच्या लवाद-पीठापुढे पाच पंचांनी ऐकला. त्यांपैकी दोघांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. त्या पाचांत फ्रान्सचे लुई रेनो हे एक होत. आज अनेक कुटुंबांतील मुले-मुली आंतरराष्ट्रीय लवादाच्या वकिलीकडे वळू लागली आहेत. तो व्यवसाय ज्यांच्या चरित्रात प्रथम पूर्णत्वाने दिसतो अशा थोड्या पुरुषांत रेनो येतात, म्हणून त्यांची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे. (मोटारींच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध झालेले लुई रेनो हे निराळे गृहस्थ.)

रेनो यांचा जन्म १८४३ साली बर्गंडी प्रांतातील ओतँ या गावी झाला. वडील ग्रंथविक्रेते, त्यामुळे घरात पुस्तकांची वाण नव्हती. पॅरिस येथे कायद्याचा अभ्यास संपवून ते १८६८ पासून दिजाँ येथील विद्यापीठात रोमन व व्यापारी कायदा शिकवू लागले. १८७३ साली ते पॅरिसला आले. तेथे पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्यापन तात्पुरते म्हणून त्यांच्याकडे सोपविण्यात आले. हा विषय त्यांनी मागून घेतलेला नव्हता. परंतु त्यातच त्यांचे उरलेले आयुष्य गेले. १८७९ साली त्यांनी या शास्त्राचा प्रवेशग्रंथ लिहिला आणि १८८१ साली ते त्या पीठाचे कायम प्राध्यापक झाले. ल्यों-काँ या सहाध्यापकासमवेत व्यापारी कायद्यावरील मोठा ग्रंथ सिद्ध करण्याचे कामही चालूच होते. ज्याला राष्ट्रांचे तंटे सोडवावयाचे आहेत त्याने हुंडी, गलबत, विमा व भागीदारी यांचे व्यवहार आधी नीट जाणावेत, असे आम्हास वाटते. हल्लीच्या विद्यार्थ्यांना तहांची कलमे तोंडपाठ असतात, परंतु मालाची बिल्टी म्हणजे काय हे पुष्कळांस सांगता येत नाही.

१८९० साली फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने त्यांस आपले कायदे-सल्लागार नेमले. तह करावयाचा असो, सरहद्दीचा बखेडा असो, की परदेशी पकडलेला खलाशी असो, कागद प्रथम रेनो यांजकडे जावयाचा. १८९९ च्या हेग परिषदेस ते प्रतिनिधी म्हणून गेले. त्या परिषदेतून ‘कायम लवाद न्यायालय’ जन्मास आले. हे नाव मोठे फसवे आहे. त्यात नित्य बसणारे न्यायाधीश नाहीत. प्रत्येक राष्ट्राने सुचविलेल्या कायदेपंडितांची एक यादी व एक कचेरी, एवढेच त्याचे स्वरूप. तंटा उद्भवला म्हणजे दोन्ही राष्ट्रांनी करारपत्र लिहावे, प्रश्न कोणता तो त्यात नमूद करावा, पंच निवडावे आणि निवाडा मान्य करण्याचे वचन द्यावे. आपल्याकडील गोतसभेचा ज्यांना परिचय आहे, अथवा याज्ञवल्क्याने सांगितलेल्या पूग, श्रेणी व कुल या निवाडासभा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांस यात अपूर्व असे काही वाटणार नाही. भेद इतकाच की गोताच्या पाठीशी राजसत्ता असे, हेगच्या पीठामागे पक्षकारांच्या वचनाखेरीज काही नाही. १९०७ च्या दुसऱ्या परिषदेतही रेनो होतेच, व त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक इटलीचे मोनेता व रेनो यांस विभागून मिळाले.

त्यांनी ऐकलेल्या दाव्यांपैकी कासाब्लांका येथील दावा फार बोधप्रद आहे. १९०८ साली फ्रान्सच्या परदेशी पलटणीतील सहा शिपाई पळाले. त्यांत तिघे जर्मन होते. जर्मन वकिलातीचा मनुष्य त्यांस बोटीवर चढवीत असता फ्रेंच शिपायांनी बळाने त्यांस पकडले. दोन्ही राष्ट्रांत युद्धाची भाषा सुरू झाली. अखेर प्रकरण हेगला गेले. पाच पंचांत फ्रान्सतर्फे रेनो आणि जर्मनीतर्फे क्रीगे बसले. दोघेही आपापल्या परराष्ट्र खात्याचे कायदेपंडित! मे १९०९ मधील निवाड्याने जर्मन अधिकाऱ्यांस दोष दिला, फ्रेंच शिपायांनी पिस्तूल रोखले याबद्दल त्यांसही दोष दिला, आणि पळपुटे परत द्यावे लागणार नाहीत असे ठरविले. उभय राष्ट्रांनी ते मानले.

आता सावरकरांच्या दाव्याकडे येऊ. मार्सेयच्या धक्क्यावर फ्रेंच शिपायाने त्यांस धरले व इंग्रज पोलिसांच्या हवाली केले. परकीय भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्यास असे परस्पर देता येत नाही, अशी ओरड फ्रान्समध्ये झाली; समाजवादी पुढारी जोरेस यांनी ती उचलली. ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही सरकारांनी करारपत्र केले. पण हेगची बैठक फेब्रुवारी १९११ मध्ये भरण्यापूर्वीच मुंबईच्या खास न्यायमंडळाने सावरकरांस दोन जन्मठेपी सांगितल्या होत्या. ज्याच्या देहाविषयी वाद, तो पक्षकार नव्हता. त्याचे म्हणणे ऐकण्याची सोयच त्या कायद्यात नव्हती. पीठावर बेल्जमचे बेर्नार्त हे अध्यक्ष, आणि फ्रान्सचे रेनो, इंग्लंडचे सर एडवर्ड फ्राय, नॉर्वेचे ग्राम व हॉलंडचे साव्होर्निन लोमान हे पंच होते. हिंदी मनुष्य अर्थातच कोणी नव्हता.

निवाडा २४ फेब्रुवारीस झाला. बोट येण्यापूर्वीच दोन्ही देशांच्या पोलिसांत पत्रव्यवहार झाला होता, कैदी निसटू नये यासाठी साहाय्याचे ठरले होते, इंग्रज अधिकाऱ्यांनी कपट वा बळ वापरले नाही. कैदी ताब्यात देताना अनियमितपणा घडला हे खरे, तथापि परकीय अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी हाती आला तर त्यास परत करावे, असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. सबब सावरकरांस परत देण्याचे कारण नाही.

फ्रेंच सरकारचा पगारी सल्लागार फ्रान्सच्याच दाव्यात पंच बसला आणि निकाल फ्रान्सविरुद्ध गेला. यावरून रेनो निःपक्षपाती होते असे त्यांचे चाहते म्हणतील. आम्हास हे इतके सरळ दिसत नाही. १९०४ पासून दोन्ही सरकारांत मैत्री होती आणि हे लचांड लवकर मिटावे असे दोघांस वाटत असावे, असा आमचा तर्क आहे. ज्या पंचास आपल्या खात्याचे मन ठाऊक आहे तो खात्याच्या उघड मागणीविरुद्ध गेला म्हणून मुक्त ठरत नाही. नियम नाही असे म्हणणे सोपे होते. पण नियम नसेल तेथे न्याय कोणता, हे सांगण्याइतकी विद्वत्ता रेनो यांजपाशी निश्चित होती. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ साली जी सातवी अनुसूची जोडली गेली तिच्याप्रमाणे पक्षकाराचा नोकर वा सल्लागार पंच होऊ शकत नाही. वाद उत्पन्न झाल्यावर उभयतांनी लेखी सूट दिली तरच गोष्ट निराळी. राष्ट्राराष्ट्रांच्या लवादास हा कायदा लागत नाही. तरी या व्यवसायात जाणाऱ्या तरुणांनी तो नियम आणि सावरकरांचा निवाडा एकत्र वाचावा. इतर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांस अधिक समजेल.

पुढे १९१२ साली इटली व पेरू यांच्यामधील दाव्यात रेनो अध्यक्ष होते. १९१३ साली विमान नेणारी ‘कार्थाज’ ही फ्रेंच बोट इटलीने अडविली त्या दाव्यात ते पंच होते; त्यात इटलीस १,६०,००० फ्रँक भरपाई द्यावी लागली. लगेच महायुद्ध पेटले. ज्या हेग नियमांच्या रचनेत त्यांचे इतके श्रम खर्ची पडले होते, त्यांचा बेल्जम व लक्झेंबर्ग येथे कसा भंग झाला, यावर या वृद्ध प्राध्यापकाने १९१७ साली पुस्तक लिहिले. अध्यापन मात्र त्यांनी सोडले नव्हते. १९१८ च्या फेब्रुवारीत, युद्ध चालू असतानाच, बार्बिझों येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी सावरकर अंदमानात होते.