नॉम पेन्हचं वार्तापत्र : गणिताचे मास्तर

टुकटुकवाल्याला नुसतं ‘तुओल स्लेंग’ म्हटलं की पुरतं. बिऱ्हाडांच्या दाटीतून तो थेट एका शाळेपुढे आणून सोडतो. तीन मजली इमारती, लांब गॅलऱ्या, पिवळ्या-पांढऱ्या फरश्यांचे वर्ग, अंगणात चाफा. आपल्या नगरपालिकेच्या शाळेत शिरल्यासारखंच वाटतं.

एप्रिल १९७५मध्ये सत्ता घेतलेल्या कम्युनिस्ट ख्मेर रूजने सगळं शहर रिकामं केलं, शाळा बंद पाडल्या आणि पुढे या शाळेचा तुरुंग केला. नाव एस-२१. त्यांच्या राजवटीच्या पावणेचार वर्षांत कंबोडियात सुमारे १७ लाख माणसं उपासमारीने, आजाराने, अतिश्रमाने आणि हत्यांत मेली. जानेवारी १९७९मध्ये व्हिएतनामी फौजा आल्या तेव्हा हे थांबलं. आता इथे वंशसंहार संग्रहालय आहे.

अंगणात उंचावर एक आडवा दांडा आहे. मुलांच्या कसरतीसाठी बसवलेला. कैद्यांना त्यावर उलटं टांगत; शुद्ध हरपली की खालच्या रांजणातल्या घाण पाण्यात डोकं बुडवून पुन्हा प्रश्न विचारत. रांजण अजून तिथेच आहेत. गॅलरीला काटेरी तारा ठोकल्या आहेत, कुणी उडी टाकून परस्पर मरू नये म्हणून.

आत फोटोच फोटो. आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, जीवनकथा लिहून घ्यायची, कबुलीजबाब फायलीला लावायचा. मला शाळेचे जुने ग्रुप फोटो आठवले आणि स्वतःचाच राग आला. किमान १२ हजार, बहुधा १८ हजारांच्या आसपास माणसं इथे आणली गेली. बरीचशी ख्मेर रूजचेच संशयित कार्यकर्ते. वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी.

संग्रहालयाच्या पाटीवर ‘वंशसंहार’ असं लिहिलंय; पण ख्मेर रूजच्या नेत्यांवरील खटल्याच्या २०१८च्या निकालात वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध झाला तो चाम मुसलमान आणि व्हिएतनामी यांच्याबाबत. ख्मेरांनी ख्मेरांना मारलं, ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तो मानवतेविरुद्धचा गुन्हा. पाटीवरचा तो शब्द बदलावा, असं मात्र मला इथून बाहेर पडताना वाटलं नाही.

तुरुंगाचा प्रमुख दुच पूर्वी गणिताचा मास्तर होता. वह्या तपासाव्यात तसे कबुलीजबाब वाचून तो शेरे मारी. पुढे नाव बदलून तो खेड्यांत राहिला. १९९९मध्ये एका छायाचित्रकाराने त्याला ओळखलं, २०१२मध्ये अपिलात जन्मठेप झाली, २०२०मध्ये तो वारला. नाव बदलून राहिलेल्या त्या वर्षांत त्याने पुन्हा शाळेत मुलांना शिकवलं होतं.