जुन्या ट्रॅक्टरला जुना पार्ट घालावा काय?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या अंकासाठी माती परीक्षणावर लेख द्यावयाचे ठरले होते. तो पुढच्या अंकात देतो. आडसाली लागणीच्या नोंदी घेत गटात फिरताना गेल्या पंधरा दिवसांत मातीबद्दल मला दोघांनी विचारले असेल, पण ट्रॅक्टरबद्दल निदान आठ-दहा जणांनी विचारले. गळीत हंगाम तोंडावर आला, की दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे माणसाचे लक्ष जाते. आणि आपल्याकडे बहुतेकांचा ट्रॅक्टर हा दुसऱ्याने वापरून सोडलेलाच असतो.

एका सभासदाच्या वस्तीवर गेलो, तर ट्रॅक्टर मधून फोडून ठेवलेला. इंजिन पुढच्या चाकांसह लाकडी ठोकळ्यांवर, मागचा भाग टायरवर, मध्ये दोन हाताचे अंतर आणि त्या अंतरात कोंबड्या. नाव लिहीत नाही, गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. चहा यायच्या आधीच अण्णांनी विषय काढला.

"साहेब, मिस्त्री म्हणतोय नवं सामान घालू तर एक लाख बासष्ट हजार. जुनं घालू तर चौऱ्याऐंशी. काय करू?"

मी म्हटले, "अण्णा, मी शेतकी डिप्लोमावाला माणूस. मला काणी विचारा, खोडवा विचारा. गिअरबॉक्समधलं मला काय कळतंय?"

"मिस्त्रीला विचारलं तर तो त्याचं बघणार, भंगारवाला त्याचं बघणार. तुम्हाला यात काय मिळायचं नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सबब बाजेवर बसलो आणि वही काढली.

हकीकत अशी. ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी तो सव्वाचार लाखांना घेतला, तेव्हाच तो आठ वर्षांचा होता. दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहतूक चालू. गेल्या फेब्रुवारीत रेडिएटर गळू लागला. चालवायला भाचा होता. काटा तांबड्यात गेला तरी "एवढी खेप टाकून येतो" म्हणून गाडी तशीच दामटली. गॅस्केट गेले, ऑइलमध्ये पाणी उतरले, ऑइल दुधासारखे पांढरे झाले आणि त्या ऑइलवर क्रँकची बेअरिंगे खाल्ली गेली. त्याच्या आधीच नदीकाठच्या मळीतून भरल्या दोन ट्रॉल्या झटक्याने वर काढताना क्राऊनचा दात उडालेला होता, तो आता उघडल्यावर दिसला. भाचा शेजारीच उभा होता, पण अण्णा त्याला एक शब्द बोलले नाहीत. वहिनी मात्र चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बैल असता तर बाजार दाखवला असता. याला गोठा पण लागतो आणि औषधपाणी पण."

तालुक्याच्या भंगारवाल्याकडे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक ट्रॅक्टर खोललेला होता. त्याची क्रँक, त्याचे क्राऊन-पिनियन, त्याचा रेडिएटर, सगळे तो देणार. यावरून मिस्त्रीने चौऱ्याऐंशी हजारांचा आकडा काढलेला. म्हणजे फरक अठ्ठ्याहत्तर हजारांचा. खत-बियाण्याच्या दिवसांत हा फरक लहान नव्हे.

आता यात माझी स्वतःची एक दुखरी जागा आहे, ती आधी सांगतो. 1996 सालच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाची क्रँक गेली. वडिलांनी बाजारातून जुनी आणली. दिसायला झकास, घासूनपुसून तेल लावलेली. विकणारा म्हणाला, "माळकरी, डोळे झाकून घाला." एकविसाव्या दिवशी ती मधूनच तुटली, कनेक्टिंग रॉडने ब्लॉकला भोक पाडले आणि दुरुस्तीला आणलेले इंजिन मोडीत गेले. पाणी अठरा दिवस बंद. दीड एकर ऊस होता, त्यातला अर्धा जळाला. क्रँक तुटली ती पहिल्यापासून चिरलेली होती, हे तुटल्या जागी बघितल्यावर कळले. अर्धा भाग जुना काळा आणि अर्धा ताजा चकाकता होता. वडील पुढे कधी जुन्या सामानाच्या बाजारात पाऊल टाकेनात. तेही मला बरोबर वाटत नाही, कारण त्याच इंजिनाची टाकी, पुली आणि बैठक त्यांनी पूर्वी जुनीच आणलेली होती आणि ती शेवटपर्यंत टिकली.

तर अण्णांच्या हिशेबाकडे वळू. मी त्यांना प्रथम सव्वाचार लाख विसरायला सांगितले. त्यांना ते पटेना. "एवढे घातलेत, आता कसं सोडू?" असा माणसाचा स्वभावच असतो. तेव्हा त्यांना त्यांच्याच रानातले उदाहरण दिले. निडवा ठेवायचा का मोडायचा, हे ठरवताना लागणीला किती खर्च आला होता हे कोणी मोजत नाही. नांग्या किती पडल्या, उरलेल्या बेटांना फुटवा कसा आहे आणि यंदा खत-पाणी घातले तर किती टन निघेल, एवढेच बघतो. ट्रॅक्टरचेही तसेच. आज आहे असा विकला तर काय येईल आणि चालू करून विकला तर काय येईल? दोन दलालांना विचारून आकडे निघाले. फुटका विकला तर एक लाख साठ हजार, चालू केल्यावर सव्वातीन लाख. म्हणजे दुरुस्तीने किंमत वाढणार एक लाख पासष्ट हजारांनी, आणि सगळे नवे घालण्याचा खर्च एक लाख बासष्ट. विकायचाच असेल तर एवढा उपद्व्याप करण्यात अर्थ नव्हता.

विमा कंपन्यांचा एक ठोकताळा येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. अपघात झालेल्या मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यासाठी ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या पुढे गेला, की ते गाडी पूर्ण मोडीत धरतात. अण्णांचा खर्च चालू किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे गाडी मोडीत काढण्याइतकी गेलेली नव्हती. शिवाय अण्णांना ती विकायची नव्हती. वाहतुकीचा करार आहे, टोळीला उचल दिलेली आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाही तर वजनही घटते आणि साखरही. ऐन जानेवारीत ट्रॅक्टर बंद पडला तर टोळी फडात बसून राहते, मोळ्या वाळतात आणि नुकसान एकट्या अण्णांचे होत नाही. म्हणून किती पैसे वाचतील यापेक्षा हंगामाच्या मध्यावर पुन्हा उघडावा लागेल का, हे आम्ही आधी बघायचे ठरवले.

मिस्त्रीला बोलावून घेतले. माणूस हुशार आणि सरळ निघाला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उमेदवारी केलेला. त्याने एक गोष्ट सांगितली ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. जो पार्ट बदलायला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, तो जुना घालू नये. पार्ट स्वस्त पडला तरी तो गेल्यावर फोडण्या-जोडण्याची मजुरी, गॅस्केट, ऑइल हे सगळे दुसऱ्यांदा भरावे लागते. बाहेरून चार बोल्ट काढून बदलता येतो, तो जुना घातला तर बिघडत नाही. गेला तर तासाभरात दुसरा लावता येतो.

यावरून यादी आपोआप पडत गेली. बॉनेट, मडगार्ड, सीट, सायलेन्सर, डिझेलची टाकी, रिम ही जुनी खुशाल घ्यावीत. स्टार्टर आणि अल्टरनेटर जुने घेऊन त्यांचे कार्बन ब्रश व बेअरिंग नवे टाकले तर चालतात. रेडिएटर जुना चालेल, पण हवा भरून पाण्यात बुडवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. याउलट बेअरिंग, ऑइल सील, गॅस्केट, पिस्टन रिंग, होज पाइप, पट्टे ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू. दुसऱ्याने झिजवलेली आपण विकत घेऊन काय करणार? क्लच प्लेटचेही तेच. आणि ब्रेक व स्टिअरिंगचे सांधे यांत पैसे वाचवायचा विचारही मनात आणू नये. भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन रात्री घाट उतरताना समोर दुचाकीवर कोणाचा तरी मुलगा असतो.

क्राऊन-पिनियनबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण येथेच बरेच सभासद फसतात. ही जोडी असते. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि बहुधा दोघांवर एकच नंबर मारलेला असतो. एकाचा दात गेला म्हणून तेवढेच बदलले तर नव्या-जुन्याचे दात जुळत नाहीत, गुरगुर सुरू होते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही जातात. भंगारवाल्याकडची जोडी पूर्ण होती, नंबरही जुळत होता. पण दातांवर एका बाजूला चमक आणि एका कोपऱ्यात बारीक खड्डे दिसले. मिस्त्रीने नको म्हटले. मीही नको म्हटले, अर्थात मी त्याच्या जिवावर.

क्रँकच्या बाबतीत मात्र वेगळेच निघाले. भंगारातली घेण्यापेक्षा अण्णांचीच क्रँक ग्राइंडरकडे नेली. ग्राइंडिंग करून क्रँक बारीक करतात आणि त्या मापाची जाड बेअरिंगे बसवतात. मिस्त्री लोक त्याला दहा, वीस, तीस म्हणतात. तो हिशेब इंचाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे वीस म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. अण्णांची पूर्वी कधी घासलेली नव्हती, ती वीसमध्ये साफ निघाली. भंगारातली मायक्रोमीटर लावल्यावर आधीच तीसला गेलेली आढळली! डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

चीर बघण्याची एक सोपी रीत ग्राइंडरने दाखवली. चांगल्या ठिकाणी चुंबकाची चाचणी करून मिळते, ती मिळाली तर उत्तमच. नसेल तर क्रँक डिझेलमध्ये बुडवून ठेवावी, काढून कोरडी पुसावी, वर खडूची पूड चोळावी आणि लाकडी हातोडीने ठोकावी. चीर असेल तर आत शिरलेले डिझेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. 1996 साली ही रीत आम्हाला कोणी सांगितली असती तर, असे मनात आले. असो.

जुने अख्खे इंजिनच उचलून बसवण्याचाही एक सल्ला अण्णांना मिळाला होता. त्यात कागदाचा प्रश्न येतो. इंजिन नंबर आर. सी. बुकावर असतो. इंजिन बदलले तर आर. टी. ओ. कडे नोंद करून घ्यावी लागते, नाही तर विम्याच्या वेळी आणि विकण्याच्या वेळी अडचण उभी राहते. बिलाशिवाय व गाडीच्या कागदाशिवाय इंजिन घेतले आणि ते चोरीचे निघाले, तर भंगारवाला हात वर करतो आणि पोलिस आपल्या वस्तीवर येतात. स्वस्त आहे म्हणून न विचारता घेऊ नये.

ट्रॅक्टरवरून मोटारीचे आठवले. आमच्याच गटातल्या एका तरुण सभासदाने उसाचे बिल जमा झाल्यावर पुण्याहून बारा वर्षांची एक भारी परदेशी मोटार आणली, नव्या लहान मोटारीच्या किमतीत. गावात मिरवणूकच निघाली म्हणा ना. सात महिन्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. अशा गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची उतरत नाही, हे त्याला तेव्हा कळले. गाडी स्वस्तात आली तरी तिचा गिअरबॉक्स भारी गाडीच्याच भावाचा. त्याने मुंबईहून जुना आणला. तो बसला, पण त्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो. दुसऱ्या गाडीचा डबा त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. ते काम करणारा माणूस शोधण्यात महिना गेला. पण त्याच गाडीचा पुढचा दिवा त्याने भंगारातून घेतला, तो नव्याच्या चौथ्या हिश्श्यात मिळाला आणि आजही लख्ख जळतो. एअरबॅग मात्र जुनी बसवतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला त्याने परत पाठवले, ते फार चांगले केले. ती एकदाच फुगण्याची वस्तू आहे आणि फुगेल की नाही हे आधी तपासून बघता येत नाही. गाडी सध्या चालू आहे. विकायला काढली आहे, असेही ऐकतो.

अण्णांचा निर्णय असा झाला. क्राऊन-पिनियन जोडी नवी, लायनर-पिस्टन सेट, बेअरिंग, सील, गॅस्केट, क्लच प्लेट नवी. क्रँक स्वतःचीच, ग्राइंडिंग करून. हेड स्वतःचेच, तपासून सपाट करून. रेडिएटर, अल्टरनेटर, बॉनेट आणि सायलेन्सर भंगारातले. मजुरीसह एक लाख एकोणीस हजार. सगळे जुने घालण्यापेक्षा पस्तीस हजार जास्त, सगळे नवे घालण्यापेक्षा त्रेचाळीस हजार कमी. वहिनींना आकडा ऐकवला तेव्हा त्यांनी विचारले, "आणि मळीतनं दोन ट्रॉल्या एकदम काढायच्या का एकेक?" अण्णा भाच्याकडे बघून म्हणाले, "एकेक."

परवा पुन्हा तिकडे गेलो होतो. ट्रॅक्टर जोडून झाला होता. बॉनेट दुसऱ्या रंगाचे असल्यामुळे लांबूनच ओळखू येतो. मिस्त्रीने पहिल्या पन्नास तासांनंतर ऑइल बदलायला सांगितले आहे, आणि तोवर जड काम नाही, नुसती हलकी मशागत. भाच्याने मीटरचा आकडा खडूने मडगार्डवर लिहून ठेवला आहे आणि रोज सकाळी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी बघतो. कोंबड्या ट्रॉलीखाली राहायला गेल्या आहेत.