शेततळ्यांतील मोठे मासे, उकडलेली गोळी व योग्य गळ

महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून यवतमाळ जिल्ह्यांतही शेतकऱ्यांच्या रानांत तळीं झालीं आहेत, आणि कांहीं शेतकरी त्यांत मासे पाळतात. दोन-तीन वर्षांनीं त्यांतील कांहीं मासे चांगले मोठे होतात. मग ते काढावे कसे हा प्रश्न उभा राहतो. तळें उपसावें, तर ऐन वैशाखांत झाडांस द्यावयाचें पाणी जातें. जाळें ओढावें, तर लहान पिलांचे खवले निघतात, गाळ ढवळतो, आणि तळाशीं प्लास्टिकचें अस्तर असल्यास तें फाटण्याचें भय. तेव्हां मोठा मासा तेवढा निवडून काढण्यास गळ हेंच सोयीचें साधन होय. मात्र गळ व आमिष दोन्ही विचारपूर्वक योजिलीं पाहिजेत.

प्रथम माशांचा स्वभाव ध्यानांत घ्यावा. कटल्याचें तोंड वर वळलेलें असतें व तो वरच्या थरांत चरतो. रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. सायप्रिनस हा मूळचा परदेशचा. त्याची एक जात १९३९ सालीं निलगिरीच्या थंड पाण्यांत व मैदानी प्रदेशास मानवणारी दुसरी १९५७ सालीं कटक येथें आणली गेली. हा तळाचा गाळ उकरून खातो, व घशांतील दांतांनीं कठीण दाणाही भरडतो. म्हणून खालीं वर्णिलेली रीति मुख्यतः सायप्रिनस व मृगळ यांच्या उपयोगाची आहे. कटल्यासाठीं आमिष बुचाच्या आधारें वरच्या पाण्यांत ठेवावें लागतें.

आपल्याकडे कणकेचा गोळा गळास लावितात. पण मोठा मासा येण्यापूर्वींच लहान मासे तो टोचून संपवितात. यावर इंग्लंडांत १९७० नंतरच्या दशकांत फ्रेड विल्टन प्रभृति गळकऱ्यांनीं तोड काढली. त्यांनीं पौष्टिक पीठ अंड्यांत मळून त्याच्या गोळ्या उकडल्या. उकडल्यानें अंडें थिजून गोळीस कठीण साल येते. ती लहान तोंडास फोडवत नाहीं, मोठ्या तोंडांत मात्र सहज जाते. आपल्या जिल्ह्यांत सोयाबीन मुबलक पिकतें, तेव्हां साहित्य घरचेंच आहे. पाव किलो रवा व पाव किलो भाजलेल्या सोयाबीनचें पीठ एकत्र करावें व थोडा गूळ घालावा. पांच-सहा अंडीं फेटून त्यांत मावेल तेवढें पीठ मळावें. सुपारीएवढ्या गोळ्या वळून उकळत्या पाण्यांत दीड-दोन मिनिटें ठेवाव्या व रात्रभर सावलींत सुकवाव्या.

आतां गळाची योजना. सायप्रिनस खाद्य ओढून घेतो व संशय येतांच फुंकून टाकतो. गोळींत गळ रोवला, तर त्याचें टोंक झांकलें जाऊन ओठांत रुततच नाहीं. १९८० च्या सुमारास लेनी मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स यांनीं यावर उपाय शोधला. गळ मोकळा ठेवावयाचा, व त्याच्या वांकापासून निघालेल्या बारीक दोऱ्यांत गोळी ओंवून ती वांकापासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर राहूं द्यावयाची. मासा गोळी थुंकूं लागतो, तोंच मोकळें टोंक खालच्या ओठांत रुततें. गळ आंखूड दांड्याचा व जाड तारेचा असावा. त्यापुढील दोरा वीतभर पुरे. वजन असें अडकवावें कीं मुख्य दोरा तुटल्यास तें सुटून पडेल. नाहीं तर मासा तें ओढीत फिरून मरतो. अस्तराच्या तळ्यांत गळ तळावरून ओढूं नये. बुचास टांगून तो तळापासून चार बोटें वर ठेवावा.

गळ टाकण्यापूर्वीं तीन-चार दिवस एकाच जागीं रोज सायंकाळीं पंधरा-वीस गोळ्या टाकाव्या, म्हणजे मासे त्या जागेस सरावतात. याहून अधिक टाकूं नये. न खाल्लेलें खाद्य कुजून पाण्यांतील प्राणवायु कमी करतें. उन्हाळ्यांत पहांटे मासे पृष्ठभागीं तोंड काढून धापा टाकीत असतील, तर खाद्य व गळ दोन्ही बंद ठेवावीं. मासा बाहेर काढतांना खोलगट जाळी त्याच्या खालीं धरावी. पावसाळ्याच्या तोंडीं सांपडलेली अंड्यांनीं भरलेली सायप्रिनसाची मादी ओल्या हातांनीं सोडून द्यावी. ही जात सांचलेल्या पाण्यांतही वीण करते. कटला, रोहू व मृगळ मात्र तळ्यांत वीत नाहींत, त्यांचें बीज बाहेरून आणून सोडावें लागतें.

हें सारें स्वतःच्या तळ्यापुरतें झालें. इसापूर, अरुणावती, बेंबळा यांसारख्या धरणांची गोष्ट निराळी. जलाशयांतील मासेमारीचा हक्क सामान्यतः ठेक्यानें मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, व त्यावर भोई, ढीवर बांधवांचा संसार चालतो. तेथें संस्थेच्या परवानगीवांचून गळ टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकांत विळा घालणें होय. आपल्या तळ्यांत मात्र या रीतीनें मोठा मासा काढावा, लहानास वाढूं द्यावें, व पाणी पिकासाठीं राखावें.