लोडरचा पंजा निवडताना

धाराशिव जिल्ह्यात ढोकी, कळंबच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे हायड्रॉलिक दाबाने वरखाली होणाऱ्या पुढच्या दोन बाहूंना, पंजा बसवताना त्याच्या रुंदीपेक्षा त्याचे स्वतःचे वजन आधी पाहावे, कारण 600 किलो उचलणाऱ्या लोडरला 200 किलोचा पंजा लावला, तर उसासाठी 400 किलोच उरतात. मोळ्यांना आत वळलेल्या दात्यांचा पंजा सोयीचा. वेड्या बाभळीची झुडपे गोळा करायला मात्र दात्यांत रुंद फटी असलेला बरा, कारण त्यांतून माती गळून पडते. पंज्याच्या उघडझापीला तेलाच्या वेगळ्या नळ्या आणि व्हॉल्व्ह लागतो, हा खर्च बहुधा सौदा ठरल्यावरच आठवतो. भार पुढे आला की मागची चाके हलकी होतात, म्हणून मागे पुरेसे वजन जोडल्याशिवाय ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नये.