कचऱ्याचा खर्च : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नगरपालिकेच्या घनकचऱ्यावरील खर्चाचा मोठा भाग प्रक्रियेवर होत नाही. तो जातो दारोदारी कचरा गोळा करण्यात आणि तो वाहून नेण्यात : मजुरी, डिझेल, गाड्यांची दुरुस्ती. त्यामुळे जो किलो गाडीत चढतच नाही, त्याच्यावर खरी बचत होते.

‘शेवटी सगळे एकाच गाडीत जाते, मग घरी वेगळे करून काय उपयोग?’ हा सर्वांत रुळलेला समज. काही ठिकाणी कचरा खरोखरच एकत्र होतो. पण तो गाडीतला दोष आहे, वर्गीकरणाचा नव्हे. वजन ओल्या कचऱ्याचे असते आणि जागा सुका कचरा अडवतो. दोन्ही मिसळले की गाडी लवकर भरते, जडही होते, आणि विकता येणारा मालही वाया जातो. वरण सांडलेल्या पुठ्ठ्याचा पापुद्रा बोटाला लागताच सुटतो. असा पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरीच करण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातले होते. शंभर किलोंहून अधिक कचरा रोज निर्माण करणाऱ्या आस्थापनांनी आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावावी, हीदेखील त्यातलीच अपेक्षा. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातला खतखड्डा म्हणजे वाचलेले डिझेलच.

संपूर्ण शहराचा ठेका एकाच ठेकेदाराला दिला की काम स्वस्तात होते, असेही मानले जाते. ते ठेक्याच्या अटींवर अवलंबून असते. बिल टनावर निघत असेल तर कचरा कमी होण्यात ठेकेदाराचा काहीच फायदा नसतो. उलट माती, राडारोडा आणि पावसाने भिजलेला ढीग काट्यावर आला तर त्याला हवाच असतो. टनाचा दर कमी दिसतो, टन वाढत जातात. निविदेतल्या दरापुरते पाहून बचत मोजणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

कचरावेचकांना व्यवस्थेत घेणे म्हणजे नगरपालिकेवर नवा बोजा, हा समज पुण्याने खोटा ठरवला आहे. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात, सुका माल निवडून विकतात आणि उरलेला ओला कचरा ठरलेल्या फीडर पॉइंटवर महापालिकेच्या गाडीकडे देतात. त्यांची कमाई घरटी शुल्कातून आणि भंगारविक्रीतून होते, महापालिकेच्या पगारातून नव्हे. महापालिकेला साधने आणि व्यवस्थापन यांचा खर्च येतो, म्हणून हे काम फुकट होते असे म्हणणेही चूकच. शुल्काला ‘जादा कर’ म्हणून ते चुकवणाऱ्या घरामुळे थेट त्या दारी येणाऱ्या बाईचे उत्पन्न बुडते.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज असा की पुनर्वापरातून नगरपालिकेला नफाच होतो. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, पेट बाटल्या यांना भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटाला सहसा मिळत नाही : बाहेर छापील प्लास्टिक आणि आत चंदेरी थर, दोन्ही एकमेकांना इतके चिकटलेले की ते सुटे करणे परवडत नाही. म्हणूनच प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

कचरा जाळून वीज बनवली की खर्च निघतो, हा समज ओल्या कचऱ्यापाशी अडतो. आपल्याकडच्या कचऱ्यात भाज्यांची देठे, सालपटे आणि शिळे अन्न जास्त असते; भट्टीतली बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते. दिल्लीत तिमारपूर इथे १९८७ साली डॅनिश तंत्रज्ञानावर उभारलेला प्रकल्प जेमतेम तीन आठवडे चालला. मिळणाऱ्या कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती.

उरतो तो सगळ्यांत महागडा भ्रम : गावाबाहेर नेऊन टाकणे सर्वांत स्वस्त. डंपिंग ग्राउंडचा खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ते डोंगर उपसून जमीन मोकळी करण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ साली निविदा काढली. त्यात कचरा धरला होता सुमारे १८५ लाख टन आणि अंदाजित खर्च २,३६८ कोटी रुपये.