लूत भरलेल्या कुत्र्याला हाकलू नका



मागच्या खरिपात कपाशी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. बांधावरून घराकडे येताना गोठ्यामागे एक कुत्रा पडलेला दिसला. अंगावर केस म्हणून उरले नव्हते. कातडी जाड होऊन सुरकुतलेली, खाजवून खाजवून कानांच्या कडा रक्ताळलेल्या. आठ वर्षे वस्तीची राखण केलेला हा मोत्या. घरधनी म्हणाले, "साहेब, लूत भरलीय. पोरांना लागंल. येत्या बाजारी टेम्पोत घालून लांब सोडून येतो."

त्यांच्या आईंनी आणखी एक तोड काढली होती. फवारणीचे औषध बाटलीच्या तळाशी उरले होते, ते पाण्यात कालवून मोत्याच्या अंगाला चोळायचे.

पिकांच्या औषधांविषयी सांगणे हे तर माझे रोजचे काम. मी म्हणालो, "आजी, हे विष कातडीतून आत जातं, आणि कुत्रं अंग चाटतं म्हणून पोटातही जातं. तोंडाला फेस येईल, अंग थरथरेल आणि मोत्या जाईल. चोळणाऱ्या हाताला बाधेल ते वेगळंच." आजींनी बाटली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मोत्या टेम्पोत बसला खरा, पण गेला तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात.

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण वस्त्यावस्त्यांवर जे पाहिले आणि पशुवैद्यकांकडून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

सोडून देऊन काय साधते?

आजारी कुत्रा लांब सोडला म्हणजे पीडा टळली असे आपल्याला वाटते. पण आपल्या वस्तीची लूत मग दुसऱ्या गावच्या कुत्र्यांना लागते. तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर तो उपाशी मरतो. इकडे आपल्या उकिरड्यावरची मोकळी जागा दुसरा भटका कुत्रा धरतो. त्याला लस टोचली आहे की नाही, कोणास ठाऊक? शिवाय पाळलेले जनावर उपासमारीने हाल होतील असे सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आधी आपला जीव

दया करावी, पण डोळे उघडे ठेवून. एका गावात एक कुत्रा जबडा लोंबत, लाळ गाळत बसला होता. घशात हाड अडकले असेल म्हणून एका तरुणाने त्याच्या तोंडात हात घातला. हाताला दात लागले. तिसऱ्या दिवशी कुत्रा मेला. तो पिसाळलेला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. तरुणाने लगेच हात साबणाने धुतला होता आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून इंजेक्शने घेतली होती, म्हणून तो आज आपल्या शेतात काम करतो आहे.

पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतोच असे नाही. काही कुत्री मुकी होऊन कोपऱ्यात बसतात. जबडा लोंबणे, लाळ गळणे, आवाज बदलणे, मागचे पाय लटपटणे, गरीब स्वभावाचा कुत्रा अचानक अंगावर येणे, यातले काहीही दिसले तर जवळ जाऊ नये. मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकास कळवावे.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये. लगेच आरोग्य केंद्र गाठावे आणि सांगितलेल्या दिवशी सगळी इंजेक्शने पुरी करावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र तो वाचवता येतो.

ओळखीचा कुत्रासुद्धा दुखण्याने चावतो. म्हणून हाताळण्यापूर्वी जुन्या लुगड्याची पट्टी तोंडाभोवती गुंडाळून हनुवटीखाली पीळ द्यावा आणि कानांमागे गाठ मारावी. ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड मात्र बांधू नये.

लूत कशी जाते?

डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बिळे करतात, त्यातून लूत होते. कानाच्या कडा, कोपरे आणि पोट यांवर ती आधी दिसते. हे किडे माणसाच्या अंगावरही काही दिवस खाज उठवतात, पण कुत्रा बरा झाला की तीही सहसा थांबते. तेव्हा मुलांची काळजी असेल तर कुत्र्याला औषध करणे हाच उपाय.

डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि वजनाप्रमाणे औषध देतात. एका खेपेने काम होत नाही. अंड्यांतून नवे किडे निघतात, म्हणून औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. घरात दुसरी कुत्री असतील तर त्यांनाही त्याच वेळी औषध करावे. बसायचे जुने बारदान जाळून टाकावे. जळके ऑइल, डिझेल किंवा पिकाचे औषध लावू नये. गाईसाठी आणलेले इंजेक्शनही अंदाजाने टोचू नये. त्यातला थोडासा जादा डोस पिलांचा आणि काही जातींच्या कुत्र्यांचा प्राण घेतो.

जखमेत आसडी

पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत आसडी पडते. जखमेभोवतीचे केस कातरावेत. टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या वर येतात. त्या चिमट्याने एकेक काढाव्यात. मग लिटरभर पाणी उकळून कोमट करावे, त्यात दीड लहान चमचा मीठ घालून जखम धुवावी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. एकही अळी आत राहिली तर जखम भरत नाही, म्हणून रोज पाहावे. जखम डोळ्याजवळ किंवा कानात खोल असेल तर घरी खटाटोप न करता दवाखाना गाठावा.

उपाशी आणि लंगडा

उपाशी बैलापुढे एकदम धान्य टाकले तर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्याचेही तसेच. हाडे निघालेल्या कुत्र्याला पहिले काही दिवस मऊ भात किंवा ताकात कुस्करलेली भाकरी थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा घालावी. पाणी सदा जवळ असावे.

मोडलेला पाय कापडाने करकचून आवळू नये. रक्त बंद होऊन पाय कुजतो. कुत्र्याला फळीवर किंवा घोंगडीत निजवून न्यावे. दुखते म्हणून माणसाच्या तापाच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी पोटात जखमा होतात, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडते. पाय कापावा लागला तरी घाबरू नये. तीन पायांवर कुत्रा चांगला धावतो आणि राखणही करतो. मागचे दोन्ही पाय लुळे पडले असतील तर मऊ अंथरूण घालून दिवसातून बरेच वेळा कूस बदलावी, अंग कोरडे ठेवावे. काही दुखणी मात्र बरी होत नाहीत. अशा वेळी डॉक्टर यातना न होता शेवट करू शकतात. रस्त्यावर कुजत ठेवण्यापेक्षा तेच बरे.

बरे झाल्यावर

कुत्रा सावरला की काम संपले असे नाही. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा आणि पुढे दर वर्षी. जंताचे औषध वेळेवर पाजावे. कापलेल्या मेंढी-बकरीची कच्ची आतडी किंवा काळीज कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातून जंत कुत्र्यात, कुत्र्यातून जनावरांत आणि माणसांतही येतात. कुत्री गाभण राहिल्यापासून सुमारे दोन महिन्यांत विते. पिले पोत्यात घालून सोडण्याची वेळ येण्यापेक्षा आधीच नसबंदी करून घ्यावी. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

दिवाळीनंतर पुन्हा त्या वस्तीवर गेलो. वेचणी चालू होती. बांधावर पाय ठेवताच एक तांबूस कुत्रा भुंकत अंगावर आला. अंगभर नवे केस, फक्त एका कानाची कड वाकडी राहिलेली. आजी ओसरीवरून ओरडल्या, "अरं मोत्या, गप! साहेब हायेत, आपल्यातलेच!"

मोत्याने मला ओळखले नाही, याचे वाईट वाटले नाही. तो आपले काम करत होता. आपल्याही गोठ्यामागे असा एखादा मोत्या पडला असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी त्याला टेम्पोत जरूर बसवा. फक्त टेम्पो दवाखान्याकडे वळवा.